मगाचा कान

कंटाळा यायलासुद्धा माणसाला थोडी फुरसत लागते. तनुजाकडे ती नव्हती, म्हणून ती नुसती थकलेली असायची. पहाटे उठून डबे, मग सासऱ्यांचा चहा, मग पडेगावच्या घरापासून नगर नाक्यापर्यंत स्कूटी, तिथून कंपनीची बस, वाळूजला दिवसभर संगणकासमोर, आणि संध्याकाळी हेच सगळं उलट्या क्रमानं. नळाला पाणी यायचा दिवस असला तर मग विचारूच नका. आठवड्यातून एकदा येणारं पाणी, तेही त्याच्या मर्जीनं. रुसलेल्या जावयासारखी त्याची वाट पाहायची, आणि आलं की टाकी, पिंप, बादल्या, हंडे, शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवायची.

कारखान्यात तिचं काम होतं प्लास्टिकच्या वस्तूंची डिझाइनं करण्याचं. कुकरचे दांडे, इस्त्रीच्या मुठी, मिक्सरच्या भांड्यांचे कान. बायका ज्या वस्तू न बघता उचलतात, त्या ती बघून बघून काढायची. हाताची मापं तक्त्यातून घ्यायची. तक्त्यात एक सरासरी हात असतो. तो शेतकऱ्याचा नसतो, शिंप्याचा नसतो, खरं तर कोणाचाच नसतो, पण जगातल्या सगळ्या मुठी त्याच्यासाठीच बनतात. तनुजाचं त्या हाताशी चांगलं जमलं होतं, कारण तो कधी तक्रार करत नसे.

घरात आता तिघंच होते. नवरा सुदर्शन वाळूजलाच दुसऱ्या एका कंपनीत होता, त्याची पाळी दर आठवड्याला बदलायची, आणि नवराबायकोची गाठ बहुतेक स्वयंपाकघराच्या दारात पडायची, एक आत येताना आणि एक बाहेर जाताना. मुलगी संस्कृती बारावीच्या शिकवणीसाठी लातूरला गेली होती. सासूबाई, आशाबाई, आदल्या वर्षी वारल्या. उरले काकासाहेब, तिचे सासरे. जन्म देवगाव रंगारीत गेलेला, अद्रक आणि मका पिकवणारा माणूस. अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली तेव्हा दवाखाना जवळ पडावा म्हणून त्यांना शहरात आणलं. शेत धाकटा कृष्णा बघत होता. काकासाहेबांना काठी टेकत घरातल्या घरात फिरता येई, बोलणं शाबूत होतं, पण ते वापरायची त्यांना गरज पडत नसे.

त्याचं कारण असं की या घरात सासरा आणि सून एकमेकांशी थेट बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. आशाबाई होत्या तोवर काकासाहेब हवेत पाहून म्हणायचे, चहा झाला असंल तर बघा, आणि आशाबाई तो निरोप दोन पावलांवर उभ्या असलेल्या तनुजाला पोचवायच्या. त्या गेल्यावर हे काम नातीकडे आलं. नात लातूरला गेली आणि निरोप न्यायला माणूसच उरलं नाही. तनुजा कारखान्यात साहेब लोकांशी तावातावानं वाद घालायची, पण घराच्या उंबऱ्यात पाय पडला की ओढणी आपोआप डोक्यावर यायची आणि नजर जमिनीकडे जायची. तिला कोणी सक्ती केलेली नव्हती. काही गोष्टी लोणच्यात मीठ मुरावं तशा मुरलेल्या असतात, वेगळ्या काढता येत नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांच्या टाचांच्या भेगा तिला जितक्या पाठ होत्या, तितका त्यांचा चेहरा नव्हता.

त्या उन्हाळ्यात काकासाहेबांना लघवीला जळजळ सुरू झाली, मग थंडी वाजून ताप. डॉक्टरांनी औषध दिलं आणि पाणी भरपूर प्यायला सांगितलं. महिन्याच्या आत पुन्हा तेच. या वेळी डॉक्टर चिडले. म्हाताऱ्याला पाणी देता की नाही, असं त्यांनी सुदर्शनला सगळ्यांसमोर विचारलं, आणि पुन्हा असं झालं तर दाखल करावं लागेल, किडनीवर गेलं तर मग माझ्या हातात काही राहणार नाही, हेही सांगितलं.

सुदर्शननं ते घरी येऊन तनुजाला ऐकवलं. तिला ते फार लागलं. रोज सकाळी निघताना ती स्वतःच्या हातानं तांब्या भरून त्यांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवायची, वर फुलपात्र पालथं घालायची. संध्याकाळी आली की तांब्या तसाच काठोकाठ भरलेला. मोरीत बादली भरून ठेवलेली असायची, तीही तशीच. ज्या घरात पाण्याचा थेंब थेंब जपायचा, त्या घरात भरलेला तांब्या पाहून कोणाला राग यावा, हे तिला आधी खरं वाटलं नसतं. हट्टी म्हातारा, असं ती मनातल्या मनात म्हणायची आणि तांब्यातलं पाणी तुळशीला घालायची.

उलगडा केला तो दगडाबाईनं. ती दुपारी भाकरी टाकून काकासाहेबांना जेवायला वाढून जायची. एका सकाळी ती पगाराच्या निमित्तानं लवकर आली आणि ओट्यापाशी उभी राहून हळूच म्हणाली, "ताई, म्हातारबा पाणी पीत नायत ते काय मनानं नाय. मोरीत पाण्याचा मग हातातून सुटतो त्यांच्या. मागं एकदा लई जोरात पडला. मी भायेरून इच्यारलं, तर आवाज दिला नाय. अन् मला आत जाता येतं व्हय?"

एवढं बोलून ती पीठ चाळायला बसली. तनुजाच्या हातात डबा तसाच राहिला. सगळा हिशेब तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला आणि तो इतका सरळ होता की आपल्याला आधी कसा दिसला नाही याचं तिला नवल वाटलं. मोरीतल्या संडासाची फ्लशची टाकी त्यांनी पाणीटंचाईपायी कधीच बंद केली होती, एका वेळी अर्धी बादली गिळते म्हणून. आता बादलीत मग बुडवायचा आणि पाणी टाकायचं. काकासाहेबांचा उजवा हात गेलेला, डाव्यात मग धरवत नाही. पाणी न टाकता बाहेर यायचं म्हणजे ते मागाहून सुनेला करावं लागणार. त्यापेक्षा सुदर्शन घरी येईपर्यंत न गेलेलं बरं. आणि न जाण्यासाठी न प्यालेलं बरं. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन, आणि हा माणूस सुनेचा आब राखण्यासाठी दिवसभर कोरडा बसून राहत होता. तिला रडू आलं, पण बसची वेळ झाली होती.

बसमध्ये मात्र तिनं पर्सची चेन उघडून पेन काढलं आणि जुन्या पावतीच्या पाठीवर मग काढायला सुरुवात केली. मोरीतला साधा लाल मग, कान पातळ, खालून मोकळा, पाणी भरलं की वाकणारा. त्या कानावर वरून चढवायचा एक जाड कान केला तर? बोटांना खाचा असलेला, ओल्या हातातून न निसटणारा. कुकरच्या दांड्याला ती हेच करत आली होती. छावणी मागे पडेपर्यंत चित्र झालंसुद्धा.

कारखान्यात नमुने काढायला एक थ्रीडी प्रिंटर होता. प्लास्टिकची तार वितळवून, सोऱ्यातून शेव पडावी तशी बारीक धार सोडत, थरावर थर चढवून तो वस्तू उभी करायचा. विभागाचे मुकुंद साहेब तसे भले गृहस्थ, त्यांनी उरलेली तार वापरायला लगेच परवानगी दिली. प्रश्न राहिला मापाचा. तक्त्यातला हात इथं चालणार नाही एवढं तिच्या ध्यानात आलं, पण सासऱ्यांचा हात हातात घेऊन व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचा चिमटा, लावायचा हे तिला स्वप्नातही सुचलं नसतं. म्हणून तिनं बापाऐवजी लेकाचा हात धरला. सुदर्शन रात्रपाळी करून दुपारी झोपला होता आणि तिला रजेचा अर्धा दिवस मिळाला होता. बोटांची जाडी, तळव्याची रुंदी, मुठीचा घेर, ती एकेक मोजत होती तेव्हा तो जागा झाला आणि अंगठी करतेस का, असं त्यानं झोपेतच विचारलं. मग कारण ऐकल्यावर म्हणाला, घे घे, बाबाचा अन् माझा हात एकच, आमच्या घरात सगळे एका साच्यातले. आणि पुन्हा घोरायला लागला.

कान झाला तो देखणा झाला. काळाभोर, गुळगुळीत, चार बोटांना चार खाचा, अंगठ्याला वर टेकण. मुकुंद साहेबांनी तो हातात घेऊन दोनदा मूठ वळली आणि हा बाजारात खपेल म्हणाले. कितीतरी दिवसांनी तनुजाला स्वतःचं कौतुक वाटलं. घरी आल्यावर तिनं तो मगावर बसवला, मग बादलीच्या काठाला अडकवला, आणि कोणाला काही बोलली नाही. बोलणार काय? सासऱ्याशी संडासातल्या मगाविषयी बोलायचं, अशी सून अजून त्यांच्या घराण्यात झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कान मगावर नव्हता. मोरीच्या झरोक्यात, कोरडा पुसून, नीट ठेवलेला होता. तिला वाटलं दगडाबाईनं काढला असेल. तिनं परत बसवला. परत तो झरोक्यात. म्हणजे हे काम सासऱ्यांचंच. तांब्या भरलेला, बादली भरलेली. असं चार-सहा दिवस चाललं, आणि मग तनुजाच्या आत काहीतरी तुटलं. एवढा जीव टाकून केलेली वस्तू, आणि ती सरळ काढून बाजूला ठेवायची? मान इतका मोठा की त्यापायी किडनी गेली तरी चालेल? रात्रीच्या जेवणाला सुदर्शन बसला तेव्हा तिनं त्याच्या ताटात भाजी जरा आपटूनच वाढली. मी उद्यापासून काही करणार नाही, तुमचे वडील आणि तुम्ही बघून घ्या, असंही म्हणाली. थकलेल्या माणसाचा राग असाच असतो, ज्याचा असतो त्याच्यापर्यंत पोचत नाही.

सुदर्शन उठला, आतल्या खोलीत जाऊन आला आणि पुन्हा जेवायला बसला.

"म्हणतेत, वस्तू लई भारी हाय. पण हातात बसत नाय. पडून मोडंल, पोरीची मेहनत वाया जाईल, म्हणून पुसून वर ठेवली."

"का नाही बसत? तुमच्या हाताची मापं आहेत."

"बोटं वाकडी हायत ना त्यांची."

"कोणाची?"

"बाबाची. डाव्या हाताची. मी लहान असल्यापासून तशीच हायत." आणि तिच्या तोंडाकडे पाहून त्यानं घास खाली ठेवला. "तुला माहीत नव्हतं?"

तिला माहीत नव्हतं. कसं असणार? डावा हात कोणी पुढं करतं का? प्रसाद उजव्यानं घ्यायचा, आशीर्वाद उजव्यानं द्यायचा, जेवायचं उजव्यानं. डावा हात आपला उपरण्याखाली किंवा पाठीमागं. झटक्यानंतर काकासाहेब चमच्यानं जेवायचे खरं, पण भिंतीकडे तोंड करून, आणि ताट ठेवून ती लगेच बाहेर यायची, त्यांना अवघड होऊ नये म्हणून. मर्यादा तिनं अशी चोख पाळली होती की एका छपराखाली राहून सासऱ्याचा अख्खा एक हात मोडका आहे हे तिला कळलं नव्हतं. आणि सुदर्शनला ते इतकं माहीत होतं की सांगण्यासारखं वाटलंच नाही. तिला त्याचा राग आला, स्वतःची लाज वाटली, आणि सगळ्यात जास्त झोप आली. भांडी तशीच ठेवून ती आडवी झाली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती पोळ्यांची कणीक मळत होती. बोटांचे ठसे कणकेत उमटत होते, बुजत होते. ती थांबली. थोडं कोरडं पीठ आणखी घेऊन तिनं एक घट्ट गोळा मळला, पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट, ताटलीत ठेवला, ओढणी डोक्यावर घेतली आणि आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. सुदर्शन पाळीवर गेला होता. मध्ये कोणी नव्हतं. ती आत गेली आणि ताटली खाटेच्या कडेला ठेवली.

"मामा," ती म्हणाली, "हे मुठीत धरा. घट्ट."

काकासाहेबांनी गोळ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, कोणी निरोप्या दिसतो का म्हणून. हवेत पाहून बोलायची सोय उरली नव्हती.

"डावा हाय, पोरी."

"डावाच पाहिजे."

"अन्न हाय ते. डाव्या हातानं कसं धरावं?"

याचा तिनं विचार केला नव्हता. कणकेला डावा हात लावायचा, तोही मोरीतला, म्हणजे त्यांच्या लेखी पापच. तिला वाटलं, संपलं, आता ही ताटली उचलून परत जायचं. पण जायला पाय उचलेनात, आणि ते धाडसानं नव्हे, थकव्यानं.

"याची पोळी करायची नाही, मामा. मला माप घ्यायचं आहे. माझी चूक झाली, मी दुसऱ्याच हाताचं घेतलं."

मग उपरण्याखालून हात बाहेर आला. मधली दोन बोटं तळव्याकडे वळून तशीच ताठ झालेली, करंगळी एकीकडे फाकलेली, अंगठा मात्र दणकट. तनुजानं नजर खाली केली नाही. त्यांनी गोळा घेतला, ज्या बाजूनं जमला त्या बाजूनं, अंगठा आणि तळव्याच्या मुळाशी दाबून, आणि ओठ आवळून जोर लावला.

"कासऱ्यात गेली," ते गोळ्याकडे पाहत म्हणाले. "बैल उधळला. तुझ्या सासूला बी लग्न झाल्यावर लई दिवसांनी कळलं. बोलली नाय काही. मंग मला ज्या गाठी सोडता येत नव्हत्या, त्या सोडून ठेवायची."

त्यांनी गोळा ताटलीत ठेवला आणि हात पुन्हा उपरण्याखाली घेतला. तनुजानं ताटली उचलली.

गोळा तिनं फ्रीजरमध्ये ठेवला, नाहीतर कणीक हळूहळू फुगून ठसे बुजवते. दगड झाल्यावर बाहेर काढून तिनं व्हर्नियर लावला. इथं चार खाचा नव्हत्याच. वाकलेल्या बोटांना आत शिरायला एक खोल खड्डा हवा होता, करंगळीला बाहेरून टेकण, अंगठ्याला रुंद बैठक. आणि भार बोटांवर नको, तळव्यावर. कागदावर ते ओबडधोबड दिसत होतं. आजवर शिकलेलं सगळं तिला सांगत होतं की हे चूक आहे, जरा गोलाई दे, जरा सारखं कर. तिनं काहीही सारखं केलं नाही. मापं घेऊन झाल्यावर तो गोळा टाकवेना. शेवटी अंगणातल्या जास्वंदीच्या बुडाशी तिनं माती उकरली आणि तो पुरला.

मशीनवर त्या दिवशी नारिंगी तार चढवलेली होती, म्हणून कान नारिंगी झाला. मुकुंद साहेबांनी तो फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, हा दांडा आहे की अद्रकाचा गड्डा. त्यांनी मूठ वळून पाहिली, तर कुठूनच बसेना. तनुजाला ते पाहून बरं वाटलं.

या वेळी तिनं गुपचूप ठेवला नाही. सकाळी तांब्या भरून स्टुलावर ठेवला आणि निघता निघता म्हणाली, मामा, मगाचा कान बदलला आहे, बघा बसतो का. काकासाहेबांनी नुसती मान हलवली, तीही तिला दिसली, कारण ती बघत होती.

तो दिवस काही खास गेला नाही. एका ग्राहकानं कुकरचा दांडा तिसऱ्यांदा परत पाठवला होता. दुपारी वीज गेली आणि केलेलं काम पुन्हा करावं लागलं. परतीच्या बसमध्ये तिला उभं राहावं लागलं. नगर नाक्यावर स्कूटी उन्हानं इतकी तापली होती की बसवत नव्हतं. घरी पोचली तेव्हा तिला एकच इच्छा होती, की कोणी काही मागू नये. चपला काढून ती सरळ जमिनीवर बसली, भिंतीला टेकून, पर्स मांडीवरच.

बसल्या जागेवरून तिला मोरीचं दार दिसत होतं. दार उघडं होतं. बादली तळापर्यंत रिकामी होती आणि काठाला मग अडकवलेला होता, नारिंगी कानासकट, अजून ओला. ती बघत राहिली. उठून जवळ जावं असं वाटलं, पण उठवेना.

आतून काठीचा आवाज आला. काकासाहेब खोलीच्या दारात आले होते. काठी त्यांनी काखेत दाबून टेकवली होती आणि डाव्या हातात, वाकड्या बोटांच्या आधारानं, छातीशी धरलेला तांब्या होता. हवेत नाही, लातूरच्या दिशेला नाही, ते तिच्याकडेच पाहत होते.

"पोरी," ते म्हणाले, "पाणी संपलं."

तनुजानं पर्स बाजूला ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि गुडघे दुखत होते, दोन्ही एकदमच. डोक्यावरून घसरलेली ओढणी तिच्या ध्यानातच आली नाही. भिंतीला हात लावून ती उठली, त्यांच्या हातातून तांब्या घेतला आणि भरायला पिंपाकडे गेली.